मोठ्या माणसाच्या अंगावरची पिवळसर गाठ: झँथोग्रॅन्युलोमाची तपासणी नागपुरात नीट कशी करून घ्यावी

चेहरा, मान, डोकं किंवा छाती-पाठीचा वरचा भाग यांपैकी कुठेतरी एकच गाठ उगवते. गोलसर, गुळगुळीत, हाताला टणक, रंगाने पिवळसर, नारिंगी किंवा लालसर तपकिरी. सावळ्या कातडीवर पिवळेपणा चटकन दिसत नाही. काचेची पट्टी दाबून पाहिली तर लाली ओसरते आणि खालचा पिवळा रंग उघडा पडतो. दुखत नाही, सहसा खाजतही नाही. काही आठवड्यांत अर्धा ते एक सेंटिमीटर होते, क्वचित दोनपर्यंत जाते आणि मग तिथेच थांबते.

अशा गाठीला घरी ‘मस’ म्हणतात, शेजारी ‘चरबीची गाठ’ म्हणतात, आणि औषधाच्या दुकानातून एक ट्यूब येते. ही गाठ प्रौढ वयातला झँथोग्रॅन्युलोमा असू शकते. हिस्टिओसाइट म्हणजे शरीरातला केरकचरा गिळणाऱ्या पेशी. त्या कातडीत एका जागी जमतात, पोटात चरबी साठवतात आणि गाठ तयार होते. हा कॅन्सर नाही, तो कोणाला लागत नाही, आणि तूप-तेल जास्त खाल्ल्याने होत नाही. रक्तातलं कोलेस्टेरॉल यात बहुधा ठीकच असतं. आजार मुळात लहान मुलांचा. बहुतेकांना पहिल्या एक-दोन वर्षांत होतो आणि काही वर्षांत आपोआप विरतो. मुलांमधल्या गाठीला आजचं नाव १९५४ साली मिळालं, मोठ्यांमधली गाठ १९६३ साली वेगळी नोंदली गेली. मोठ्यांमध्ये ती आपोआप जाईल या भरवशावर राहू नये, बहुतेक वेळा ती तशीच टिकते.

निरुपद्रवी आजार असूनही एवढं सविस्तर लिहिण्याचं कारण असं, की नुसतं पाहून याचं निदान पक्कं होत नाही. याच्यासारख्याच दिसणाऱ्या गाठींमध्ये त्वचेचा कॅन्सर आहे, आणि विदर्भात कुष्ठरोगही आहे. त्यामुळे बायोप्सी व्हायच्या आधी गाठीला हात लावायचा नाही, आणि बायोप्सी करायची तर ती एकदाच आणि धड करायची.

बायोप्सीआधी काय टाळायचं

चुना आणि खायचा सोडा कालवून लावणं हा गावोगावचा उपाय. त्याने कातडी भाजते, वरचा थर गळून पडतो आणि खाली जखमेचा व्रण राहतो. मग पॅथॉलॉजिस्टला दिसते ती भाजलेली कातडी, मूळ गाठ नाही. केस किंवा दोरा बांधून गाठ ‘पाडणं’ याचाही परिणाम तोच, वर जंतुसंसर्ग फुकट.

पार्लरमध्ये किंवा छोट्या क्लिनिकमध्ये कॉटरीने, रेडिओफ्रीक्वेन्सीने किंवा लेझरने जाळून घेणं हे याहून वाईट, कारण ते स्वच्छ दिसतं. दहा मिनिटांत गाठ गायब होते आणि तपासायला काहीच उरत नाही. झँथोग्रॅन्युलोमा कातडीच्या आतल्या थरात खोलवर असतो, वरून जाळल्यावर खालचा भाग राहून तो परत येतो. तेव्हा तो व्रणातून उगवलेला असतो आणि सगळे त्याला केलॉइड, म्हणजे जखमेच्या जागी वाढणारा जाड व्रण, समजतात.

त्यातूनच पुढची चूक होते, ती म्हणजे ट्रायअ‍ॅम्सिनोलोनचं इंजेक्शन. छातीवर, खांद्यावर टणक गाठ दिसली की केलॉइड समजून गाठीत स्टिरॉइड टोचलं जातं. गाठ थोडी बसते, कातडी पातळ आणि पांढरी पडते, आणि पेशींचं चित्र बदलतं. रिपोर्ट आल्यावर हेच औषध विचारपूर्वक वापरता येतं. रिपोर्टआधी नाही. स्टिरॉइड मिसळलेली ‘तीन-इन-वन’ मलमंही बंद करा. लावत असाल तर लपवू नका, ट्यूब सोबत न्या.

डॉक्टरांकडे जाताना

दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून दोन फोटो काढा. एक जवळून, दुसरा लांबून, म्हणजे गाठ अंगावर नेमकी कुठे आहे ते कळेल. बाजूला मिलिमीटरची पट्टी धरा. पुष्कळ जण रुपयाचं नाणं ठेवतात, पण एक रुपयाची नाणी वेगवेगळ्या मापांची चलनात आहेत, त्यावरून माप निघत नाही. गाठ कधी दिसली, किती दिवस वाढली, कधी थांबली, रक्त आलं का, जखम झाली का, हे चार ओळींत लिहून ठेवा. दम्याचा त्रास, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पेसमेकर, भुलीच्या इंजेक्शनची किंवा कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, आधी कुठे केलॉइड झालं असेल तर तेही.

नागपुरात सरकारी सोय तीन ठिकाणी आहे: मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानचं एम्स. तिथल्या विभागाच्या पाटीवर ‘त्वचा व गुप्तरोग’ असं असतं. दुसरा शब्द वाचून माघारी फिरणारे लोक आहेत. तसं करू नका, गाठीचा विभाग तोच. सकाळी लवकर केसपेपर काढा, कारण बायोप्सीची वेळ बहुधा पुढच्या वारी मिळते. खासगीत दाखवायचं तर धंतोली-रामदासपेठेत त्वचारोगतज्ज्ञांची आणि लॅबची कमतरता नाही. निवडताना एकच गोष्ट विचारा: बायोप्सी तुम्ही इथे करता का, आणि ती कोणत्या पॅथॉलॉजिस्टकडे जाते? त्वचेच्या स्लाइड नेहमी बघणारा पॅथॉलॉजिस्ट असेल तर निम्मं काम झालं.

डॉक्टर डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं दिव्याचं भिंग, लावतील. त्यात मधोमध नारिंगी-पिवळा भाग आणि कडेला लालसर कडा दिसते, कडेकडून मध्याकडे येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही असतात. पुस्तकात याला ‘मावळत्या सूर्याचं चित्र’ म्हणतात. दिसलं तर संशय बळावतो, एवढंच. फांद्या फुटलेल्या रक्तवाहिन्या बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्येही असतात, आणि पिवळा-नारिंगी रंग सारकॉइड या सुजेच्या आजारात आणि त्वचेच्या क्षयातही दिसतो. डर्मोस्कोपीच्या जोरावर ‘बायोप्सी नको’ म्हणण्याइतकी खात्री मोठ्या माणसात मिळत नाही.

आपल्याकडे आधी कुष्ठरोग बाजूला काढा

परदेशी पुस्तकांतल्या याद्यांमध्ये कुष्ठरोग तळाशी असतो किंवा नसतोच. आपल्याकडे तो वर हवा. वर्ध्याजवळचं दत्तपूर आणि वरोऱ्याचं आनंदवन ज्या भागात उभं राहिलं तो हा भाग, आणि पूर्व विदर्भात नवे रुग्ण आजही सापडतात. कुष्ठरोगाचा हिस्टॉइड नावाचा एक प्रकार आहे. त्यात बाहेरून निरोगी वाटणाऱ्या कातडीवर चकचकीत, घुमटासारख्या, टणक गाठी येतात. चट्टे नसतात, बधिरपणा ठळक नसतो, म्हणून रुग्णाच्याच काय, डॉक्टरांच्याही मनात कुष्ठरोग येत नाही. गाठी पुष्कळदा अनेक असतात, पण सुरुवातीला एकच नजरेत भरू शकते.

दुसरी अडचण सूक्ष्मदर्शकाखाली येते. झँथोग्रॅन्युलोमात फेसाळ पेशी दिसतात, कारण त्यांच्यात चरबी असते. लेप्रोमॅटस कुष्ठरोगातही फेसाळ पेशी दिसतात, त्यांच्यात जिवाणूही असतात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात हे जिवाणू दिसत नाहीत, त्यासाठी वेगळा रंग द्यावा लागतो. म्हणून ‘फेसाळ हिस्टिओसाइट्स दिसल्या’ असं लिहिलेला आणि आम्लरोधी (म्हणजे कुष्ठ-क्षयाच्या) जिवाणूंच्या रंगाचा उल्लेख नसलेला रिपोर्ट विदर्भातल्या रुग्णासाठी अपुरा समजावा.

त्यामुळे तपासणीच्या वेळी एवढं व्हायलाच हवं: दोन्ही कानांच्या पाळ्या जाड किंवा गाठाळ झाल्यात का, कोपराजवळची आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस जाड लागते का, हातापायांना स्पर्श, गरम-गार नीट कळतं का, भुवया विरळ झाल्यात का. शंका आली तर कानाच्या पाळीतून आणि गाठीतून स्किन स्मिअर घेतात. चिमटीत कातडी दाबून रक्त हटवायचं, साधारण ५ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर खोल चिरा द्यायचा, पात्याच्या कडेने आतला द्रव खरवडून काचेवर पसरायचा. चिमटी सैल राहिली तर रक्त येतं आणि स्मिअर बिघडतो. हिस्टॉइड असेल तर त्यात जिवाणूंची दाटी सापडते. मग औषध सरकारी केंद्रात मोफत मिळतं, आणि झँथोग्रॅन्युलोमाचा विषय तिथेच संपतो.

रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसात, म्हणजे एचआयव्ही असेल किंवा अवयव बदलल्यानंतरची औषधं चालू असतील तर, हिस्टोप्लाझ्मा आणि क्रिप्टोकॉकस या बुरशींच्या गाठीही ध्यानात ठेवाव्यात. बहुधा त्या अनेक असतात आणि मध्यभागी खोलगट खळी दिसते.

बायोप्सी: काय, किती, कुठून

गाठ लहान असेल, साधारण ८ मिलिमीटरच्या आत, तर तुकडा घेण्यापेक्षा पूर्ण गाठच काढावी. निदान आणि उपचार एकाच वेळी होतात. भोवती १-२ मिलिमीटर चांगली कातडी धरून लंबगोल काप घेतात. लांबी रुंदीच्या तिप्पट, म्हणजे टाके घातल्यावर टोकं वर उठत नाहीत. गाठ मोठी असेल किंवा नाकाच्या टोकावर, पापणीवर असेल तर ४ मिलिमीटरचा पंच, म्हणजे गोल पोकळ पात्याने कापलेला तुकडा, घेतात. कडेवरून नाही, गाठीच्या पूर्ण जाडीतून, खालची चरबी येईपर्यंत. वरवरची ‘शेव्ह’ बायोप्सी इथे कामाची नाही. गाठीचा तळ, तिची कड आणि पेशी कुठपर्यंत खोल गेल्या हे तिच्यातून कळत नाही. डर्मॅटोफायब्रोमा (कातडीतली सौम्य तंतुमय गाठ) की झँथोग्रॅन्युलोमा हे ठरवायला नेमकं तेच लागतं.

उपाशीपोटी जाऊ नका. ही जागेवर भूल देऊन केलेली वीस मिनिटांची गोष्ट आहे आणि उपाशी माणसालाच भोवळ जास्त येते. चतुर्थी-गुरुवारचा उपास असेल तर दुसरा दिवस घ्या. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल एवढ्या छोट्या बायोप्सीसाठी आपल्या मनाने बंद करू नका. थोडं जास्त रक्त आलं तर दाबून थांबवता येतं, पण गोळी थांबवून हृदयातला स्टेंट बंद पडला तर ते निस्तरता येत नाही. वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर या रक्त गोठण्याच्या तपासणीचा अलीकडचा रिपोर्ट हवा.

भुलीसाठी २ टक्के लिग्नोकेन, शक्यतो अ‍ॅड्रिनलिन मिसळलेलं, १ ते २ मिलिलिटर पुरतं. बारीक सुईने, सावकाश, आणि गाठीत नाही तर गाठीभोवती व खाली. गाठीतच टोचलं तर ऊती फुगून पेशींची रचना विस्कटते. पहिले काही सेकंद चुरचुरतं, मग काही कळत नाही. अ‍ॅड्रिनलिनने रक्त आटायला सात ते दहा मिनिटं लागतात. घाईने लगेच कापलं तर रक्त वाहतं, आणि मग ‘याला रक्त फार येतं’ असं म्हटलं जातं.

तुकडा बाहेर काढताना दातेरी चिमट्याने आवळला की पेशी चिरडतात. हिस्टिओसाइटच्या गाठींत निदान पेशींच्या आकारावर असतं, त्यामुळे चिरडलेला तुकडा म्हणजे वाया गेलेली बायोप्सी. सुईच्या टोकाने तुकडा उचलून तळाशी कात्रीने कापणं ही साधी पद्धत. कॉटरी लागलीच तर तुकडा काढल्यावर, रक्त थांबवायला.

डबीची काळजी

खासगी क्लिनिकमध्ये बहुतेक वेळा डबी नातेवाइकाच्या हातात दिली जाते आणि ‘लॅबमध्ये पोचवा’ सांगितलं जातं. इथून पुढची जबाबदारी तुमची.

डबीत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन हवं. तुकड्याच्या किमान दहापट, म्हणजे ४ मिलिमीटरच्या पंचला ५-१० मिलिलिटर भरपूर झालं. तुकडा द्रवात पूर्ण बुडालेला दिसला पाहिजे, झाकणाला किंवा काठाला चिकटलेला नको. तो वाळला की संपलं. सलाइन, पाणी, स्पिरिट यांत तुकडा ठेवलेला असेल तर तिथेच विचारा. एकच अपवाद: क्षयाची किंवा बुरशीची कल्चर करायची असेल तर वेगळा छोटा तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये देतात, आणि त्यात फॉर्मॅलिनचा थेंबही चालत नाही. अशा वेळी दोन डब्या असतात. त्यांची अदलाबदल ही अगदी घडणारी गोष्ट आहे, म्हणून हातात घेतानाच वाचून घ्या.

नाव, वय, तारीख आणि गाठीची जागा डबीच्या अंगावर लिहिलेली हवी. झाकणावर नको, लॅबमध्ये चार झाकणं एकदम उघडली जातात. दोन जागांचे तुकडे असतील तर दोन डब्या.

फॉर्मॅलिन ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर या गतीने शिरतं, पण पक्कं बसायला त्याहून वेळ लागतो. पुढे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींवरचे मार्कर (ओळखीच्या खुणा) रंगवून पाहण्याची तपासणी, लागू शकते, म्हणून ६ ते ४८ तास हा काळ चांगला. त्याहून कमी झालं तर मधला भाग कच्चा राहतो. फार दिवस पडून राहिलं तर मार्करचा रंग फिका येतो. म्हणून शनिवारी संध्याकाळी बायोप्सी करून सोमवारपर्यंत डबी घरात ठेवण्यापेक्षा सोमवार ते गुरुवारातली वेळ मागा. डबी फ्रीजमध्ये ठेवायची नाही, फ्रीजरमध्ये तर नाहीच. आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असताना ती बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवायची नाही. झाकण सैल असेल तर फॉर्मॅलिन उडून जातं आणि तुकडा कोरडा पडतो. डबी उभी, झिपच्या पिशवीत, सावलीत न्या आणि त्याच दिवशी पोचवा.

फॉर्मॅलिन पाण्यासारखं दिसतं. लहान मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नका. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

सोबतच्या फॉर्मवर ‘गाठ, चेहरा’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो परत डॉक्टरांसमोर ठेवा. फॉर्म असा हवा: ‘वय ३८, स्त्री. डाव्या गालावर एकच ७ मिमी पिवळसर-तपकिरी टणक गाठ, चार महिन्यांपासून, दोन महिन्यांपासून वाढ नाही. स्टिरॉइड किंवा कॉटरी झालेली नाही. नसा जाड नाहीत, संवेदना ठीक. संशय: झँथोग्रॅन्युलोमा, रेटिक्युलोहिस्टिओसायटोमा, डर्मॅटोफायब्रोमा, हिस्टॉइड कुष्ठरोग. फाइट-फॅराको आणि पीएएस रंग द्यावा.’ कुष्ठाचे जिवाणू नेहमीच्या झील-नील्सन पद्धतीत ऊतीच्या कापात धुऊन जाऊ शकतात, म्हणून फाइट-फॅराको हे नाव लिहून मागावं. पीएएस रंग बुरशी दाखवतो. शक्य असेल तर फोटोची प्रत जोडा. पॅथॉलॉजिस्टने रुग्ण पाहिलेला नसतो, त्याच्यासाठी रुग्ण म्हणजे हा फॉर्म.

रिपोर्ट कसा वाचायचा

पहिला रिपोर्ट नेहमीच्या रंगावरचा, साधारण आठवड्याच्या आत येतो. त्यात टाउटन जायंट सेल्स हे शब्द शोधा. या मोठ्या पेशीत केंद्रकं कड्यासारखी गोल बसलेली असतात, आतला भाग गुलाबी आणि बाहेरचा फेसाळ. झँथोग्रॅन्युलोमाची ही खूण, पण एकट्या त्याचीच नाही. आणि नव्या, दोन-तीन महिन्यांच्या गाठीत टाउटन पेशी नसूही शकतात, चरबी अजून साठलेली नसते. सोबत लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल या पेशी असल्याचंही लिहिलेलं असतं. त्याने घाबरू नका.

मग मार्करचा दुसरा रिपोर्ट. झँथोग्रॅन्युलोमात सीडी ६८, सीडी १६३ आणि फॅक्टर १३ए पॉझिटिव्ह येतात. सीडी १ए आणि लँगेरिन निगेटिव्ह यायला हवेत. ते पॉझिटिव्ह असतील तर तो लँगरहॅन्स पेशींचा आजार आहे, त्याची तपासणी आणि उपचार पूर्ण वेगळे. एस १०० सहसा निगेटिव्ह असतो. तो ठळक पॉझिटिव्ह असेल, आणि मोठ्या पेशींच्या पोटात अख्ख्या लिम्फोसाइट दिसत असतील, तर रोझाय-डॉर्फमन या हिस्टिओसाइटच्याच दुसऱ्या आजाराचा विचार होतो. ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाने घरात रडारड होते. इथे पॉझिटिव्ह म्हणजे त्या पेशीवर तो मार्कर सापडला, एवढंच.

मार्करवर आंधळा विश्वासही नको. फॅक्टर १३ए डर्मॅटोफायब्रोमातही पॉझिटिव्ह येतो, आणि तीही तशीच टणक गाठ आहे, मात्र बहुधा पायांवर येणारी. निकाल रचना, मार्कर आणि रुग्ण हे तिन्ही एकत्र ठेवूनच लागतो. म्हणून सगळे मार्कर सरसकट मागून खर्च वाढवू नये. पहिला रिपोर्ट पाहून पॅथॉलॉजिस्ट जे चार-पाच सुचवेल तेच करावेत. टाउटन पेशी ठळक असतील, गाठ एकच असेल आणि फाइट-फॅराको निगेटिव्ह असेल, तर मार्करशिवायही निदान मान्य करायला हरकत नाही.

रिपोर्टमध्ये फेसाळ पेशींऐवजी ‘ग्राउंड ग्लास’ म्हणजे दुधी काचेसारख्या गुलाबी पोटाच्या मोठ्या पेशी लिहिल्या असतील तर ती एकट्याने येणारी रेटिक्युलोहिस्टिओसायटोमा. तीही सौम्य, काढली की विषय संपतो. मात्र तशाच गाठी बोटांवर, नखांच्या मुळाशी अनेक असतील आणि सांधे दुखत-सुजत असतील, तर तो मल्टिसेंट्रिक रेटिक्युलोहिस्टिओसायटोसिस. त्यात सांधे वेगाने झिजतात आणि सुमारे चौथ्या हिश्श्यातल्या रुग्णांमध्ये शरीरात कुठेतरी कॅन्सर सापडतो. अशा माणसाने त्वचेच्या डॉक्टरांवर न थांबता संधिवाततज्ज्ञांकडे लगेच जावं.

पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुमचा तुकडा) आणि स्लाइड लॅबकडून मागून घ्या किंवा त्या कुठे आहेत त्याची पावती ठेवा. दुसरं मत हवं असेल तर पुन्हा कापायची गरज नाही, ब्लॉक पुरतो. ब्लॉक मेणाचा असतो आणि हे मेण साधारण ५६ ते ६० अंशांवर वितळतं. उन्हात उभी केलेली बंद गाडी आतून तेवढी तापू शकते, हे ध्यानात ठेवा.

एकच गाठ की अनेक

गाठ खरोखर एकच असेल, माणूस ठणठणीत असेल, तर सीटी स्कॅन, पेट स्कॅन, सोनोग्राफी यांतलं काही लागत नाही. कोणी लिहून दिलं तर कशासाठी ते विचारा. साधं सीबीसी केलं तर हरकत नाही.

चार-पाचपेक्षा जास्त गाठी, किंवा थोड्या काळात एकापाठोपाठ नव्या गाठी, हे चित्र वेगळं. मोठ्यांमधल्या अनेक झँथोग्रॅन्युलोमांसोबत रक्ताचे आजार सापडल्याच्या नोंदी आहेत. सीबीसी, पेरिफेरल स्मिअर (रक्तपेशी काचेवर पाहणं) आणि सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली असामान्य प्रथिनं शोधणं) या तीन तपासण्या कराव्यात, सोबत लिपिड प्रोफाइल. चरबी वाढल्याने येणाऱ्या खऱ्या झँथोमाही पिवळ्याच असतात आणि त्यांचा उपचार गाठीत नसून रक्तात असतो. सगळं ठीक आलं तरी वर्षाला एकदा सीबीसी करत राहावं.

पापण्यांचं प्रकरण स्वतंत्र आहे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी सपाट पिवळा पट्टा हा नेहमीचा झँथेलाझ्मा, त्यात लिपिड तपासा. पण दोन्ही डोळ्यांभोवती जाड, टणक, पिवळसर सूज असेल आणि त्याच सुमाराला मोठ्या वयात दमा सुरू झाला असेल, तर तो प्रौढांमधला डोळ्याभोवतीचा झँथोग्रॅन्युलोमा असू शकतो. चट्टे पसरत, मध्ये फुटत असतील तर नेक्रोबायोटिक प्रकार, आणि त्यात रक्तातलं असामान्य प्रथिन शोधावंच लागतं. गुडघ्याभोवतीची हाडं ठणकणं, सारखी तहान आणि लघवी, डोळे पुढे येणं ही लक्षणं सोबत असतील तर एर्डहाइम-चेस्टर या हाडांपर्यंत आणि आतल्या अवयवांपर्यंत जाणाऱ्या हिस्टिओसाइटच्या आजाराचा विचार होतो. तिथे पायांच्या हाडांचे एक्स-रे, पेट स्कॅन आणि बायोप्सीच्या ब्लॉकवर बीआरएएफ व्ही६००ई या जनुकातल्या बदलाची तपासणी लागते. ब्लॉक जपून ठेवायला सांगितलं ते यासाठीही.

काढल्यावर

पहिला दिवस पट्टी कोरडी ठेवा. नंतर साध्या पाण्याने हलकं धुऊन पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि पट्टी, रोज. हळद, बोरिक पावडर, राख काही नको. चेहऱ्याचे टाके ५ ते ७ दिवसांनी, डोक्याचे ७ ते १० दिवसांनी, छाती-पाठीचे १० ते १४ दिवसांनी निघतात. चेहऱ्यावरचे टाके उशिरा काढले तर टाक्यांचे ठिपके कायमचे राहतात, म्हणून ‘लग्न आटोपून येतो’ असं करू नका.

उन्हाळ्यात घामाने पट्टी भिजते. भिजली की बदलायची, दिवसातून दोनदा लागली तरी. हेल्मेटचा पट्टा आणि उन्हासाठी तोंडाला घट्ट गुंडाळलेला स्कार्फ हनुवटी-गालावरच्या टाक्यांवर सारखा घासतो. त्या आठवड्यात दुचाकी टाळलेली बरी. रक्त आलं तर स्वच्छ कापडाने सलग पंधरा मिनिटं दाबून धरा, मधे मधे उचलून पाहू नका. दोन दिवसांनंतर लाली पसरत गेली, पू आला, ताप आला तर दाखवा.

छाती आणि खांद्यावरचा व्रण दोन-तीन महिन्यांनी जाड होऊन खाजू लागला तर ते केलॉइड असू शकतं. आता रिपोर्ट हातात आहे, त्यामुळे ट्रायअ‍ॅम्सिनोलोन टोचायला हरकत नाही.

गाठ न काढण्याचाही पर्याय आहे. पंच बायोप्सीने निदान पक्कं झालं, गाठ नाकाच्या टोकावर आहे आणि व्रण नकोसा वाटतो, तर ती तशीच ठेवता येते. दर तीन महिन्यांनी मिलिमीटरची पट्टी बाजूला धरून फोटो काढा. वाढली, फुटली किंवा शेजारी नवी आली तर परत या. पूर्ण काढलेली गाठ सहसा परत येत नाही. आलीच, तर तीही पुन्हा फॉर्मॅलिनमध्ये जाते, आणि फॉर्मवर जुन्या बायोप्सीचा नंबर लिहून आधीची स्लाइड सोबत द्यायची, म्हणजे पॅथॉलॉजिस्टला दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात.